बॉम्बाच्या पोटातली नावं

२ मार्च १९४२, हाल सामूर

पोचलो एकदाचे. खेचराची गाडी, गाडीवर गादी, गादीवर माझी बहीण फिलोमेना, तिच्या मांडीवर तिची जेम्मा आणि गाडीमागे चालणारा मी, डोक्यावर लोखंडी टोप चढवलेला सरकारी माणूस. अशा थाटात आमची वरात गावात शिरली आणि ती बघायला सगळं गाव दारात आलं. बंदरावरच्या सेंगलेआतलं घर बॉम्बने पडल्यापासून आज या आत्याकडे, उद्या त्या मामाकडे असं बेटभर चाललं होतं. आई त्या घराखालीच राहिली. फिलोमेनाचा नवरा जहाजावर गेला तो परत आलाच नाही. आता तिला मी आणि मला त्या दोघी, एवढंच घर उरलंय.

इथल्या चर्चवरही दोन घड्याळं आहेत, एक खरं आणि एक सैतानाला चकवायला. सैतान चकतो की नाही देव जाणे, मी मात्र पहिल्याच दिवशी चुकीचं घड्याळ बघून पाद्रीबुवांकडे उशिरा पोचलो. दुन मीकील हसून म्हणाले की असू दे, पाहुण्याला आमचं खोटं घड्याळ कोणतं ते कळायला वेळ लागतोच.

घरमालकाचं नाव स्पीरू. गावाची संत सांता कातारीना, तिच्या सणाला आकाशात दारूकाम उडवणारं हे घराणं. लढाईमुळे सण बंद, त्यामुळे स्पीरूमास्तर बेकार आणि त्याला चेष्टेला आयता मी सापडलोय. काम काय करतोस म्हणून विचारलं. मी म्हटलं, पडलेले पण न फुटलेले जर्मन बॉम्ब ओळखतो. तर म्हणे त्यात ओळखायचं काय, वरून पडला तो जर्मन. मग पावावर टोमॅटो चोळून दिला आणि वर थोडं तेलही घातलं, या दिवसांत. माणूस बरा आहे.

७ मार्च

गावाला वाटतं मी बॉम्ब उघडतो. कुठला उघडतोय! गोदीत मी नकाशे काढायचो, डोळा रेषेला बसलेला, म्हणून इंग्रज फौजेच्या बॉम्ब पथकाच्या कॅप्टन ऑलरटनने शिकवणीला निवडलं. माझं काम एवढंच: कोणी सांगत आलं की जायचं, बॉम्ब कुठला ते बघायचं, लाल निशाण रोवायचं आणि पोलीस चौकीतून कॅप्टनला फोन करायचा. पुढचं तो आणि त्याचे सैनिक बघतात.

शेपटीवर पिवळा पट्टा म्हणजे पातळ पत्र्याचा, लाल म्हणजे जाड. खरी गोम असते कुशीतल्या फ्यूजमध्ये. पितळी चकती, तिच्यावर गोलात आकडा. पंधरा असेल तर आपटल्यावर फुटायचा होता, राहिला. सतरा असेल तर आत घड्याळ आहे, ते चालू असेल किंवा अडकलं असेल. पन्नास असेल तर हात लावू नको, शिंकूही नको. कॅप्टनने एक शिस्त घोटून घेतली आहे: जे दिसेल, जे ऐकू येईल ते जागच्या जागी लिहायचं. आपण उडालो तरी पुढच्याला कळतं की काय करायचं नाही. त्यामुळे खिशात ही वही सदाचीच.

आज पहिला बॉम्ब ओळखला. सांगणारी बाई म्हणाली बैलाएवढा आहे. निघाला डुकराएवढा. आकडा पंधरा. कॅप्टन आला, काढून घेऊन गेला. घरी आल्यावर स्पीरूने मला बॉम्बांची सुईण म्हणून हाक मारली आणि फिलोमेना हसली. आईनंतर पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं.

१२ मार्च

कॅप्टनने नवं यंत्र दिलं आहे. लोहचुंबकाची एक डबी, ती बॉम्बाला चिकटवायची, लांबलचक तार सोडत दूर जाऊन बांधाआड बसायचं आणि कानाला नळ्या लावायच्या. आतलं घड्याळ चालत असलं तर ऐकू येतं.

खरनूबाच्या झाडाखाली पडलेल्या बॉम्बावर आज ते लावलं. टिकटिक नाही. पण बायकांचा आवाज. पुष्कळ बायका एका सुरात लितानी म्हणत होत्या, मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना. एकीने नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी, त्याच्यासाठी विनंती कर. नाव एकच, काल्चीदोन. पुन्हा पुन्हा तेच.

गंमत वाटली. खाली कुठेतरी गावाचं भुयार असणार, दुपारच्या भोंग्याला बायका तिथे जपमाळ घेऊन बसतात आणि आपला चुनखडीचा दगड आवाज लांबवर नेतो. घरी येऊन फिलोमेनाला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या यंत्राला तरी देवाचं नाव आवडतं, तुला कुठे.

१४ मार्च

खरनूबाखालचा बॉम्ब काल आपोआप फुटला. निशाण रोवलेलं होतं, पण शेळ्या चुकल्या म्हणून शेळीवाला त्यांच्यामागे त्या वावरात शिरला. त्याचं नाव काल्चीदोन.

मी दुन मीकीलना विचारलं की भुयार नेमकं कुठवर जातं. ते सोबत आले आणि तोंड दाखवलं. भुयार टेकडीच्या दुसऱ्या अंगाला आहे. खरनूबाच्या बाजूला गावाने कधी कुदळही मारलेली नाही.

२१ मार्च

आज गव्हात एक पडला. आकडा पंधरा. यंत्र लावलं. आत काही नाही. स्वच्छ शांतता, टिकटिक नाही, माणसाचा आवाज नाही. कॅप्टनने फ्यूज काढला आणि सगळे जेवायला गेले. मी पण जेवलो. काल्चीदोनचं नाव मी गावात कुठेतरी आधी ऐकलं असेल आणि डोक्यात बसलं असेल. रोज बॉम्बवर्षाव, पोटात वाटीभर सूप, डोकं भलतंसलतं ऐकणारच.

२६ मार्च

विहिरीजवळचा बॉम्ब. आकडा सतरा. कानाला नळ्या लावल्या आणि पुन्हा त्याच बायका. या वेळी दोन नावं, दोन्ही इंग्रजी. सिड्नी. हॅरल्ड. आपल्या बायका ती नावं कशी घेतील तशीच, जिभेवर अडखळत.

कॅप्टनला सांगितलं. बॉम्ब कसला आहे ते सांगितलं आणि हेही सांगितलं.  तो पाठीवर हात ठेवून म्हणाला की रात्ररात्र भोंगे ऐकून कान असेच होतात, त्याच्या एका माणसाला बॉम्बामध्ये रेडिओ ऐकू यायचा. दोन गोळ्या दिल्या. मी म्हटलं तुझ्या माणसांत या नावाचे कोणी आहेत का. तो म्हणाला, माझ्या माणसांना मी आडनावाने ओळखतो.

२७ मार्च

दोघे गेले. कॅप्टन पाणी प्यायला ओढ्याकडे आला होता म्हणून वाचला.

क्रॉसवर पूर्ण नावं लिहिली आहेत. मी ती वाचली: सिड्नी, हॅरल्ड. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने मला वेडा म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

५ एप्रिल, ईस्टर

घंटा वाजवायला बंदी, त्यामुळे सण मुकाच गेला. गावात माझ्याशी कोणी नीट बोलत नाही. दोन बॉम्बांची बातमी पसरली आहे. स्पीरूची थट्टाही आता बोचरी झाली आहे. म्हणतो, बाबा रे, माझ्या छातीला तुझी ती डबी लावू नकोस, माझं नाव कशाला उगाच वर पोचवतोस. बाकीचे हसले. मीही हसलो. हसून घेतलेलं बरं.

मला भीती वाटते. ती लिहायला लाज कसली. कुणाला खोकला झाला तरी वाटतं, याचं नाव पुढच्या बॉम्बात असेल. फिलोमेना जेम्माला न्हाऊ घालत होती तेव्हा मी उगाचच बाहेर निघून गेलो.

९ एप्रिल

सणाला वाजवणाऱ्यांच्या बँड क्लबच्या मागच्या अंगणात मोठा पडला. भिंत फोडून आत येऊन आडवा झाला आहे. पट्टा निळा. फ्यूजवर आकडाच नाही. चकती नेहमीपेक्षा लहान, कडेला खाचा, गोल कोरलेला पण आत कोरा. असा फ्यूज मी कधी पाहिला नाही, शिकवणीत दाखवला नाही, कॅप्टनच्या तक्त्यावर नाही. चित्र काढून ठेवलं आहे.

यंत्र लावलं. न लावून चालणार नव्हतं.

नावांना अंत नाही. स्पीरू. मीकील. म्हातारा सालवू. चौकीवरचा पोलीस. बेकरीवाली आणि तिच्या सगळ्या मुली. मी घरोघर ओळखतो त्या माणसांची नावं, एकामागून एक, आणि प्रत्येकाला बाकीच्या बायकांचा तोच जबाब. मग जेम्मा. मग फिलो. फिलोमेना नाही, फिलो. तिला फिलो म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

पुढे होऊन नावं घेणारी ती आई आहे. आतापर्यंत मला कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. सेंगलेआच्या घरात ती जपमाळ सांगायची तोच आवाज, श्वास घेताना किंचित शीळ वाजणारा. मी पूर्ण लितानी ऐकली, पुन्हा पहिल्यापासून ऐकली. माझं नाव तिने घेतलं नाही.

धावत चौकीवर गेलो. कॅप्टन दुसऱ्या गावी अडकला आहे, उद्या येतो म्हणाला.

१० एप्रिल

बॉम्ब नाही.

अंगणात खड्डा आहे, फुटकी भिंत आहे, निशाण सुद्धा जागेवर आहे. दगडांवर ओरखडे आहेत आणि ते रस्त्यावर येऊन संपतात. कॅप्टन आला, बघितलं, शिव्या दिल्या. कोणी नेला म्हणून दारोदार विचारलं. कसला बॉम्ब, म्हणे. बँडचा म्होरक्या मला म्हणाला की सेंगलेआवाल्यांना सुपात पण बॉम्ब दिसतात. बेकरीवाली म्हणाली, तो आपल्या पायांनी गेला असेल. मी त्यांना सांगत होतो की तुमची नावं त्याच्यात आहेत. आणि ती माणसं दात काढत होती.

कॅप्टनने जाताना चित्र नेलं. त्यालाही तो फ्यूज ओळखता आला नाही. नवीन काहीतरी आहे आणि हलवलेला आहे, एवढंच म्हणाला. सापडला तर हात लावू नको, माणसं बाहेर काढ आणि मला बोलाव.

१३ एप्रिल

फिलोमेनाला सांगितलं. गाव सोड म्हटलं, जेम्माला घेऊन कुठेही जा. ती आधी घाबरली, मग चिडली. म्हणाली, दादा, जाऊ कुठे, सगळ्या बेटावर हेच पडतंय. इथे निदान डोक्यावर दगड आहे. आणि आईचा आवाज म्हणालास तेव्हा तोंड फिरवून बसली. लहानपणी मी तिला भुताच्या गोष्टी सांगून रडवायचो, ते काढलं. मग हळूच विचारलं, दादा, आई माझं नाव कशी घेत होती, रागाने की मायेने.

 मायेने, असं मी म्हटलं. खरं तर तेच जास्त भयंकर आहे.

१६ एप्रिल

आता दिवसभर विमानं. गावाने भुयारातच बिऱ्हाड थाटलं आहे. खडकात कोरलेला लांब बोळ, दोन्ही बाजूंना घरोघरीच्या खोल्या, कोनाड्यात सांता कातारीनाची मूर्ती, पोरांचे पाळणे टांगलेले. एक तोंड चर्चकडे, दुसरं पलीकडे मळ्यात. आमची खोली मधोमध.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. यंत्र नव्हतं, नळ्या नव्हत्या. डोकं दगडाला लागलं आणि ऐकू आलं. स्पीरू. मीकील. सालवू—

समोर बायका खरीखुरी जपमाळ म्हणत होत्या. त्यांचे ओठ वेगळे शब्द म्हणत होते.

१७ एप्रिल

भिंतीला डबी लावत पुढे पुढे गेलो. चर्चच्या तोंडाकडे आवाज बारीक. मळ्याकडे जाताना मोठा. लोक बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर कळलं असतं की त्यांना काही ठाऊक नाही.

आमच्या खोलीच्या पुढे एक अर्धवट कोरून सोडलेला फाटा आहे. त्याच्या तोंडाशी सुटे दगड रचलेले. तिथे डबी लावली आणि कान फाटेल इतकं—

तो इथे आहे. आम्ही सगळे त्याच्याशेजारी झोपतोय.

१७ एप्रिल, दुपार

स्पीरूने कबूल केलं. लाज नाही, उलट ऐटीत. म्हणे शेजारच्या गावाने कधीपासून जर्मन बॉम्बांतली दारू साठवायला घेतली आहे. लढाई संपली की पहिल्या सणाला त्यांचं आकाश उजळणार आणि सांता कातारीनाने काय फुलबाज्या बघायच्या? बँडवाल्यांनी मिळून दोरांनी ओढत आणला. वर ठेवला तर पुन्हा बॉम्ब पडून उडेल, इथे गार आणि कोरडं, दारू ठेवायला याहून चांगली जागा नाही. अर्ध्या गावाला माहीत होतं. फिलोमेनाला नव्हतं.

मी म्हटलं, स्पीरूमास्तर, तो फ्यूज कॅप्टनलाही ओळखता येत नाही. तो म्हणाला, तुझ्या कॅप्टनचं दूध पिणं चालू होतं तेव्हा मी दारू कुटत होतो, आणि दारू मला ओळखते. मग आवाज खाली आणून म्हणाला की चकतीच्या खाचा त्याने मोकळ्या केल्या आहेत. आज सकाळीच. थोडी फिरली. मग आतून काहीतरी सुरू झालं, म्हणून सोडून दिली.

बोलता बोलता तो त्या रचलेल्या दगडांपासून एकेक पाऊल मागे सरकत होता.  ऐट फक्त तोंडावर होती.

नंतर

डबी सरळ बॉम्बावर लावली. लितानीखाली आता टिकटिक आहे. एकसारखी नाही. थांबते, मग सलग—

चौकीतून फोन लागला. कॅप्टन निघाला आहे. रस्ते फुटलेले. तोवर माणसं बाहेर काढ म्हणाला.

वर विमानं आहेत. लोक बाहेर यायला तयार नाहीत. मी ओरडलो, हात जोडले. बेकरीवाली म्हणाली की आकाशातले शंभर सोडून इथल्या एकाला भिऊ? तिचं चूक तरी कसं म्हणू. चर्चच्या बाजूला धडाधड पडत आहेत.

शेवटी स्पीरू बोळात उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, मी चुकलो, तो जिवंत आहे, चला. एवढंच. आणि दुन मीकीलनी पवित्र भाकरीची पेटी उचलली आणि मळ्याकडे चालू लागले. तेव्हा लोक उठले.

नंतर

तार मळ्याच्या तोंडातून बाहेर ओढली आहे. बांधाआड बसलो आहे. फिलोमेना बाहेर आली, जेम्मा कडेवर. मी तिला बघितलं. हात लावून बघितलं. मागच्या दगडी गोठ्यात बसवलं आहे सगळ्यांना.

लिहितो. शिस्त आहे. 

नावं कमी होत आहेत.

हे लिहून ठेवतो, नीट लिहितो: माणूस बाहेर आला की त्याचं नाव थांबतं. बेकरीवाली आली, तिचं नाव गेलं. मुलींची गेली. पोलीस आला, गेलं. जेम्माचं नाही आता. फिलोचं नाही. आई तिला हाक मारत नाहीये. देवा.

कोण आत राहिलं ते मला बसल्या जागी कळतंय. अजून तिघं. बँडचा म्होरक्या, त्याची बायको, म्हातारा सालवू.

दोघं आली. कर्णा घेऊन आला गाढव, मूर्तीला हात लावायला थांबला होता म्हणे.

सालवू. सालवू. सालवू. बहिरा आहे, खोलीत झोपला असणार. कोणाला पाठवू. स्पीरू न सांगता गेला. आता दोन नावं, सालवू, स्पीरू. 

एक गेलं. दुसरं गेलं. स्पीरू म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन बाहेर.

शांत. फक्त टिकटिक. बायका गप्प. आई गप्प.

सगळे वाचले. लिहायला सुद्धा बरं वाटतंय, सगळे वाचले. विमानंही दूर गेली. फुटला तरी फुटू दे, खडक फुटेल आणि काय. लोक गोठ्याबाहेर पाय मोकळे करायला लागले आहेत, कुणी बिडी पेटवली. स्पीरू माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी रडलो थोडा. आता कॅप्टन आला की यंत्र त्याच्या हातात देऊन मोकळा होणार. गोदीत झाडू मारीन पण हे नको. फिलोला सांगीन की—

फिलो.

आईने आत्ता नाव घेतलं. फिलो. तिच्यासाठी विनंती कर.

नाही. ती गोठ्यात आहे.

गोठ्यात नाही. जेम्मा पाद्रींच्या मांडीवर आहे. एकटी. दुन मीकील म्हणतात, विमानं गेली म्हणून ती चर्चच्या तोंडाने पोरीचा दुधाचा डबा आणायला गेली, लगेच येते म्हणाली. आम्ही सगळेच असं करतो. भोंगा थांबला की आत पळायचं, राहिलेलं आणायचं. रोज करतो. तिला कोणी अडवलं कसं नाही—मीच नाही अडवलं—

फिलो. फिलो.

ओरडलो. ऐकू जात नाही इतक्या आत. स्पीरू धावला मळ्याच्या तोंडाकडे. आता स्पीरूचंही. स्पीरू. फिलो. मी त्याला हाका मारतोय मागे फिर. फिरत नाही.

टिकटिक सलग झाली. थांबत नाही.

लिहितोय कशाला मी. उठलो. नळ्या कानातच आहेत. तोंड समोर दिसतंय, धावलो तर—

दोनच नावं. माझं नाही. मी जातोय तरी माझं नाही. म्हणजे मी तिच्यापर्यंत पोचतच ना—

आई, माझं पण घे. माझं नाव घे. विस्तिन म्हण. एकदा म्हण, म्हणजे मी पो